फरारबाईंचा हजेरीपट

आडनाव फरार, आणि बाई चौतीस वर्षे नेमून दिलेल्या कामाला चिकटून राहिल्या. मराठी माणसाला हा विनोद सुचल्याशिवाय राहत नाही, तेव्हा तो आधीच करून टाकतो आणि कामाला लागतो.

सिंथिया फरार. जन्म २० एप्रिल १७९५, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मार्लबरो गावी. मृत्यू २५ जानेवारी १८६२, अहमदनगर. महात्मा फुल्यांच्या कुठल्याही चरित्रात त्या एकदा भेटतात. जोतीराव नगरला गेले, त्यांनी फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली आणि पुण्याला परत येऊन स्वतःची शाळा काढली. एवढे सांगून चरित्रकार पुढे जातो. ते योग्यच आहे, कारण चरित्र जोतीरावांचे आहे. पण जोतीराव नगरला पोचले तेव्हा तिथे पाहण्याजोगी शाळा चालू होती, यामागे एका बाईची वीस वर्षांची रोजची झटापट होती. तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही.

धर्मकार्यासाठी परदेशी गेलेल्या माणसाचे दिवस कसे जातात, तो कशाने झिजतो आणि शेवटी त्याच्या पदरात काय पडते, हे तपासायला फरारबाईंचे प्रकरण मला फार सोयीचे वाटते. एक तर ते आपल्या मातीत घडले. दुसरे म्हणजे त्यातली फळे ज्या झाडाची म्हणून मोजायची होती, त्या झाडाला ती लागलीच नाहीत.

बाई हवी, पण एकटी?

१८१० मध्ये बोस्टनकडच्या काँग्रेगेशनल पंथीयांनी परदेशी धर्मप्रसारासाठी एक मंडळ काढले. ते अमेरिकन बोर्ड या नावाने ओळखले जाते. त्यांची पहिली तुकडी १८१२ मध्ये कलकत्त्याला उतरली, तर कंपनी सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे कसेबसे निसटून ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत आले. तिथेही त्यांना परत पाठवण्याच्या हालचाली झाल्या आणि अर्जविनंत्या करकरून ते टिकले. बोर्डाच्या मराठी मुलखातल्या कामाची, म्हणजे मराठी मिशनची, सुरुवात अशी, सरकारला नको असलेल्या पाहुण्यासारखी झाली.

पुढची तेरा वर्षे वाचताना स्मशानाची नोंदवही चाळल्यासारखे वाटते. पहिल्या तुकडीतल्याच सॅम्युएल न्यूएल यांची पत्नी हॅरिएट मुंबई पाहण्याआधीच १८१२ मध्ये मॉरिशसला वारली. वय १९. न्यूएल स्वतः १८२१ मध्ये मुंबईत कॉलऱ्याने गेले. १८२४ मध्ये निकोल्स, १८२५ मध्ये फ्रॉस्ट. मार्च १८२६ मध्ये खुद्द गॉर्डन हॉल नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीने काही तासांत संपले. त्यांच्यासोबत फक्त दोन पोरगे होते. त्यांनी तिथेच, परक्या गावात, त्यांना पुरले.

मुलींच्या शाळा याच पडझडीत उभ्या राहत होत्या. मिशनची मुंबईतली पहिली मुलींची शाळा १८२४ ची. १८२६ पर्यंत नऊ शाळा आणि तीनशे चाळीस मुली झाल्या. त्यांच्यावर देखरेख करायची मिशनऱ्यांच्या बायकांनी, तीही आपापली बाळंतपणे, आजारपणे आणि मुलांची दफने सांभाळून. नवरे गेले की या विधवा मुंबई सोडत. तेव्हा मुंबईच्या मंडळींनी बोस्टनला कळवले की शाळांसाठी एक अविवाहित बाई पाठवा, जिला दुसरे काही पाहावे लागणार नाही.

बोस्टनच्या कारभाऱ्यांना हे पचायला जड गेले. त्याआधी शार्लट व्हाइट नावाची एक विधवा बाप्टिस्टांतर्फे निघाली होती. तिने हिंदुस्थानात पोचल्यावर लग्नच केले. बेट्सी स्टॉक्टन ही एके काळी गुलाम असलेली कृष्णवर्णीय बाई १८२२ मध्ये हवाईला निघाली, पण एका मिशनरी कुटुंबाची सोबतीण आणि मदतनीस म्हणून. फक्त शिक्षिका म्हणून, कोणाच्या घरातली म्हणून नव्हे, अशी अमेरिकेबाहेर पाठवलेली पहिली अविवाहित मिशनरी स्त्री म्हणून फरारबाईंचे नाव घेतले जाते. ते घेताना स्टॉक्टनचाही उल्लेख करावा असे मला वाटते. ‘पहिली’ म्हणताना कोणाला मोजले जाते आणि कोण घरकामाच्या खात्यात जाते, हा प्रश्न तिथेही होता.

फरारबाई पेशाने शिक्षिका होत्या. ५ जून १८२७ रोजी बोस्टनहून निघाल्या, २९ डिसेंबरला मुंबईत उतरल्या. सोबत अॅलन आणि स्टोन ही दोन मिशनरी जोडपी होती. जवळजवळ सात महिने. हा आकडा प्रवासाच्या हालांसाठी देत नाही, हाल सगळ्यांचेच व्हायचे. तो टपालासाठी महत्त्वाचा आहे. शाळेच्या भाड्याबद्दल बोस्टनला काही विचारायचे तर उत्तर यायला वर्ष जाणार. म्हणजे रोजचे निर्णय इथेच घ्यायचे, आणि ते बरोबर होते की चूक हे पुढल्या पावसाळ्यात कळायचे.

आणि हे निर्णय घ्यायला त्यांच्या हातात अधिकार कोणता? कागदोपत्री त्या सहायक मिशनरी. मिशनच्या सभेत बायकांना मत नव्हते. लग्नाच्या बाईचे म्हणणे निदान नवऱ्यामार्फत सभेपर्यंत पोचे. फरारबाईंना तीही सोय नव्हती. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, दुसऱ्यांच्या संसारात एक खोली घेऊन, ज्या कामाची जबाबदारी आपली त्याच्या बैठकीत गप्प बसायचे. परदेशातल्या सेवेत उन्हाचा आणि तापाचा त्रास सगळे लिहितात. हा त्रास सहसा लिहिला जात नाही.

आपल्या बाजूनेही बघा. १८२७ च्या मुंबईत गिरगाव-भुलेश्वराकडच्या एखाद्या आळीतल्या बाईने ही गोरी बाई पाहिली तर तिला काय म्हणावे? सवाष्ण नाही, विधवा नाही. तिशी उलटलेली आणि कुमारी. आपल्याकडे बाईसाठी असे तिसरे घर आखलेलेच नव्हते. मला तर वाटते, यात थोडा फायदाही झाला असेल. ज्या माणसाला कुठे बसवावे ते समजत नाही, त्याच्यावर कुठले बंधन घालावे तेही चटकन समजत नाही.

पंतोजीचा हिशेब

आधी भाषा. फरारबाई आल्या तेव्हा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघायचा होता. तो १८३१ चा. हाताशी होता तो केरीचा १८१० चा कोश आणि केनेडीचा १८२४ चा. त्यातून लिप्या दोन. मिशनची छापील पुस्तके बाळबोध, तर पेठेतला, घरातला, सावकाराचा सगळा व्यवहार मोडीत. भाषा शिकवायला शास्त्री यायचे. त्यांची मराठी आणि शाळेत येणाऱ्या पोरींच्या घरची मराठी यांत केवढे अंतर असते, ते आजही खेड्यातल्या शाळेवर नव्याने रुजू झालेल्या मास्तरांना विचारावे.

पण भाषा येते. वर्षा-दोन वर्षांत येतेच. रोज नव्याने उभा राहायचा तो पंतोजी.

मुलींना शिकवायला शिकलेली बाई मिळणे शक्यच नव्हते. म्हणून मिशनच्या शाळांवर पंतोजी नेमलेले असत, बहुधा ब्राह्मण. त्यांना पगार मिळे तो पटावरच्या डोक्यांवर, जितकी मुले तितके पैसे. यातून काय होणार ते सांगायला नको. तपासणीची चाहूल लागली की गल्लीतली पोरे गोळा करून बसवायची, तपासणारी व्यक्ती वळली की शाळा रिकामी. मराठी मुलखात शाळेचा पट आणि प्रत्यक्षातली हजेरी यांच्यातला हा लपंडाव किती जुना आहे ते यावरून कळावे. मग उपाय एकच. स्वतः जायचे, वेळ न सांगता जायचे, आणि एकाच दिवसात एकीकडून दुसरीकडे जायचे. फरारबाईंच्या कामाचे नाव शिक्षिका असले तरी त्यांच्या दिवसातला मोठा वाटा या फेऱ्यांचा असणार. आजच्या भाषेत ही बाई केंद्रप्रमुख होती.

या व्यवस्थेत आणखी एक गंमत होती, आणि ती मिशनऱ्यांनाही कळत होती. सकाळी स्नानसंध्या आटोपून आलेला पंतोजी मुलींकडून बायबलातल्या दहा आज्ञा म्हणून घ्यायचा. मूर्तीपुढे वाकू नये, ही आज्ञासुद्धा. तो काही ख्रिस्ती नव्हता, होणारही नव्हता. त्याला धडा पाठ करून घ्यायचा होता आणि महिनाअखेरी पैसे घ्यायचे होते. मुलीही ते घडाघडा म्हणत, जसे घरी शुभंकरोति म्हणत. श्रीगणेशा मात्र या शाळेत नव्हता, अक्षरे थेट अक्षरांपासूनच सुरू व्हायची. मिशनला वाटायचे, शब्द कानावर पडताहेत, कधी तरी मनात उतरतील. पंतोजीला वाटायचे, उतरणार नाहीत. बहुतेक वेळा पंतोजीचा अंदाज बरोबर ठरला.

आता मुली. मुलगा शिकला तर कचेरीत चिकटेल, हे बापाला समजत होते. मुलगी शिकून काय करणार? उलट शिकलेली बाई लवकर विधवा होते, ही भीती घरोघर होती. म्हणून पोरीला शाळेत पाठवणे म्हणजे शाळेवर उपकार, आणि उपकाराची भरपाई हवी. त्या काळच्या मिशन-शाळांत मुलींना अधूनमधून कापड किंवा पैसा-दोन पैसे द्यावे लागत. यावर नंतर पुष्कळ टीका झाली, आमिष म्हणून. मला ती निम्मी पटते. धर्मासाठी दिले म्हणून ते आमिष, हे खरे. पण आपणही आज मुलींना शाळेत टिकवायला सायकल देतो आणि रोजचा उपस्थिती भत्ता देतो. त्यामागचा हिशेब तोच आहे. मुलगी शाळेत बसते तेव्हा घरातले एक काम अडते.

शिकवायचे ते वाचन, लेखन, हिशेब, थोडा भूगोल, शिवणकाम आणि धर्मप्रश्नोत्तरे. आणि शिकवायला वेळ किती? नवव्या-दहाव्या वर्षी लग्न. मुलगी सलग वाचू लागली की तिच्या घरी मुहूर्त ठरलेला. दिवाळीत शाळा रिकामी, लग्नसराईत रिकामी, साथ आली की रिकामी. मुलांच्या शाळेत मास्तर एखाद्या हुशार पोराला पाच-सात वर्षे डोळ्यांसमोर वाढताना पाहतो. फरारबाईंच्या नशिबी हे कमीच आले. त्यांच्यापुढे कायम बिगारीच बसलेली.

तरीही १८२९ पर्यंत मुंबईतल्या त्यांच्या शाळांमध्ये चारशेच्या वर मुली झाल्या होत्या. त्या शहरात, त्या साली, हे थोडे नाही. इंग्रज अधिकाऱ्यांकडून वर्गणी मिळू लागली. मुलींच्या शिक्षणाची हौस असलेली बरोबरीची माणसेही होती. स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन १८२९ मध्ये आल्या आणि त्यांनीही मुलींच्या शाळा काढल्या. पण १८३५ मध्ये त्याही गेल्या. त्याआधी १८३१ मध्ये फरारबाईंच्या जहाजातल्या सोबतीण मायरा अॅलन वारल्या. त्याच वर्षी एलिझाबेथ हर्वी गेल्या. पुढच्या वर्षी नगरला नवे ठाणे मांडायला गेलेले त्यांचे पती विल्यम हर्वी कॉलऱ्याने संपले. १८३३ मध्ये तिथलाच बाबाजी, मिशनला मिळालेला पहिल्यापहिल्यांतला ब्राह्मण ख्रिस्ती, तोही कॉलऱ्यानेच गेला.

अशा ठिकाणी पुढच्या वर्षीची योजना आखणे हाच एक श्रद्धेचा भाग असला पाहिजे. मी स्वतः श्रद्धाळू नाही, पण या ओळीपाशी येऊन थांबतो. बाकीचे मरताहेत आणि ही बाई दर महिन्याला पट तपासते आहे.

परत येणे

१८३७ मध्ये प्रकृती ढासळली आणि त्या अमेरिकेला परतल्या. दहा वर्षे पुरी होत आली होती. वय बेचाळीस. थांबायचे असते तर कोणी बोल लावला नसता. त्यातून त्याच वर्षी अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली, बोर्डाची वर्गणी आटली आणि दूरदूरच्या ठाण्यांना खर्च कापण्याचे हुकूम गेले. सिलोनच्या जाफना मिशनला तर शाळा घाऊक बंद कराव्या लागल्या. काम आवरते घ्यायला याहून सोयीचा काळ नव्हता.

१८३९ मध्ये त्या परत आल्या, आणि या वेळी नगरला.

माझ्या मते या प्रकरणाची मेख इथे आहे. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्याला आपण कुठे चाललो आहोत हे ठाऊक नसते. उत्साह, घरच्या चर्चमधले निरोप, वर्तमानपत्रातले नाव, सगळे त्याला ढकलत असते. दुसऱ्यांदा जाणाऱ्याला पंतोजी ठाऊक असतो. लग्नामुळे गळणाऱ्या मुली ठाऊक असतात, सभेत आपल्याला मत नाही हेही ठाऊक असते. हे सगळे माहीत असून फरारबाईंनी दुसरे तिकीट काढले. म्हणून मी पहिल्या प्रवासापेक्षा दुसऱ्याला जास्त मोल देतो.

नगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, मिशनने १८३१ मध्ये निवडले ते कोरड्या हवेसाठी आणि भोवतालच्या खेड्यांसाठी. मुंबईच्या दमटपणापुढे इथली हवा खरोखर मानवणारी. मात्र फरारबाई पोचल्या त्या १८३९ मध्ये वातावरण तापलेले होते. मुंबईत मार्गारेटबाईंचे पती डॉ. विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला आणि भरलेली शाळा जवळजवळ रिकामी झाली. कज्जा कोर्टापर्यंत गेला. नगरलाही त्याच वर्षी हरिपंत खिस्ती या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला.

इथे या कामातला मूळ पेच उघडा पडतो. शाळा काढायची ती अखेर कोणी ख्रिस्ती व्हावे म्हणून. कोणी झाले की दुसऱ्या दिवशी शाळा ओस. मग महिनोन्महिने दारोदार फिरून पट पुन्हा जमवायचा, आणि मनातल्या मनात प्रार्थना करायची ती पुन्हा तेच घडावे म्हणून. जिथे यश आले की काम मोडते, अशा कामावर माणसे वर्षानुवर्षे कशी टिकतात? माझा तर्क असा की ती रोजच्या कामातच गुंतत जातात. मोठे उद्दिष्ट अहवालात राहते. रोजचा आनंद मात्र कालपर्यंत ‘क’ न येणारी पोर आज ‘कमळ’ वाचते, यात असतो. असे बोस्टनला लिहिता येत नाही, कारण बोस्टनने ‘कमळा’साठी वर्गणी दिलेली नसते.

जातीचा पेच वेगळाच. नगरकडे चर्च वाढले ते मुख्यतः महार समाजातून. अमेरिकन मिशन जातिभेदाच्या बाबतीत कडक होते, चर्चमध्ये पंगतीचा भेद चालत नसे. पण शहरातल्या हिंदू मुलींच्या शाळेला हे तत्त्व तसेच लावले तर वरच्या जातींच्या मुली दुसऱ्या दिवशी घरी. ख्रिस्ती कुटुंबांतल्या मुलींसाठी मिशनने वेगळी निवासी शाळा चालवली. ख्रिस्ती न झालेल्या घरच्या मुलींच्या शहरातल्या शाळा हे फरारबाईंचे क्षेत्र राहिले. म्हणजे मिशनच्या दृष्टीने सर्वांत कमी ‘पिकणारे’ शेत त्यांच्या वाट्याला आले.

कुंपणापलीकडे

१८४०च्या दशकात जोतीराव फुले नगरला आले. त्यांचे पुण्यातले मित्र सदाशिवराव गोवंडे तिथे नोकरीला होते. तिथे जोतीरावांनी फरारबाईंची शाळा पाहिली. ती पाहून पुण्यात मुलींची शाळा काढण्याचे मनाने घेतले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे, आणि तेही ‘ज्ञानोदय’मध्ये, सप्टेंबर १८५३ च्या अंकात. ‘ज्ञानोदय’ हे याच अमेरिकन मराठी मिशनचे, १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालेले पत्र. १८४८ मध्ये भिडे वाड्यातली शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

याचा आता नको तितका विस्तार होतो. काही जण फरारबाईंना सावित्रीबाईंच्या गुरुस्थानी नेऊन बसवतात आणि जणू पुण्याची शाळा नगरच्या मिशनची शाखा होती असे बोलतात. दुसरीकडे काहींना हे नाव मुळातच अडचणीचे वाटते, म्हणून ते गाळतात. दोन्ही नको. फुल्यांनी नगरला जे पाहिले त्यातला नेमका धर्मप्रश्नोत्तरांचा भाग वगळला आणि उरलेले उचलले. शिवाय फरारबाईंना वीस वर्षांत जे जमले नव्हते ते त्यांनी पहिल्याच दिवशी केले. मुलींना शिकवायला स्वतःच्या घरातली बाई उभी केली. पंतोजीचा प्रश्न एका फटक्यात संपला. अर्थात त्याची किंमत सावित्रीबाईंनी अंगावर शेण-चिखल घेऊन मोजली.

मुंबईतही तसेच झाले. १८४९ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी, त्यांत दादाभाई नौरोजीही होते, मराठी आणि गुजराती मुलींसाठी शाळा काढल्या, आणि त्यांत धर्मशिक्षण नव्हते. मिशनच्या शाळांनी मुली शिकू शकतात हे दाखवून दिले. हे एकदा दिसल्यावर मुलींना मिशनच्या शाळेत पाठवण्याचे कारण उरले नाही.

मिशनच्या वहीत या सगळ्याची नोंद कोणत्या रकान्यात करणार? जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. सावित्रीबाई झाल्या नाहीत. दादाभाई तर पारशी. त्या हिशेबाने शिल्लक शून्य.

फरारबाई नगरलाच राहिल्या. १८५७ च्या धामधुमीत नगर-नाशिक पट्ट्यात भागोजी नाईकांच्या भिल्लांचा उठाव झाला, तेव्हाही त्या तिथेच होत्या. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि बोर्डाच्या तिजोरीला पुन्हा ओढ लागली. १८६२ च्या जानेवारीत, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्या गेल्या, आणि नगरच्याच मातीत त्यांना ठेवले. बोरघाटातून आगगाडी वर यायला अजून वर्ष बाकी होते. नगरला रेल्वे येणे तर फार पुढची गोष्ट. त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १८६८ मध्ये, बोस्टनमध्ये बायकांनी स्वतःचे मिशन-मंडळ काढले. मग एकट्या बाईला परदेशी पाठवणे हा वादाचा विषय राहिला नाही.

एक योगायोग मात्र सांगायचा राहिला. १८५४ च्या अखेरीस बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन आणि त्यांचे सहकारी थॉम्प्सन पाहणीसाठी बोस्टनहून आले आणि नगरला मिशनची मोठी बैठक भरली. अँडरसनांचे मत पक्के होते. आधी प्रवचन आणि गावोगावी देशी पाळकांची चर्चे, शाळा त्यानंतर, आणि त्याही चर्चला पूरक असतील तेवढ्याच. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना त्याच वर्षी पाळकाची दीक्षा मिळाली होती, ते अँडरसनांना हव्या असलेल्या फळाचे नमुने. नगरची इंग्रजी शाळा या धोरणापायी बंद झाली. ज्या शाळांतून कोणी चर्चमध्ये येत नाही, त्यांचे काय करायचे असा हा विषय होता. फरारबाईंना इथे येऊन सत्तावीस वर्षे झाली होती, आणि सभेत मत नव्हते.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत, १५ फेब्रुवारी १८५५ च्या ‘ज्ञानोदय’मध्ये, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध छापून आला. त्याचा उरलेला भाग १ मार्चच्या अंकात आला. लिहिणारी मुक्ता साळवे ही फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेतली मांग समाजाची मुलगी. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचे धर्मपुस्तक कोणते, असा तिचा सवाल होता. आमचा धर्म कोणता ते आम्हांला कळू दे, असे तिने लिहिले, आणि ते देवाला उद्देशून लिहिले. मिशनच्या पत्राने ते छापले.